नाथसागराचा ताळेबंद

प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार आले की पंधरा कर्मादानांची नावे ओळीने उच्चारली जातात. ज्या व्यवसायांत जीवहिंसा मोठी, ते श्रावकाने करू नयेत, अशी ही यादी आहे. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य ही नावे लहानपणापासून कानांवर पडलेली असतात. त्यांतील चौदावे नाव मात्र बहुधा घाईने उच्चारून पुढे जाण्याचा प्रघात आहे. ते नाव म्हणजे सर-द्रह-तडाग-शोषणता. सरोवर, डोह आणि तलाव आटवण्याचा उद्योग, असा त्याचा अर्थ. दुकान, आडत किंवा कारखाना चालविणाऱ्या कुटुंबाला वाटते की, हा अतिचार आपल्या घराचा नव्हे. छत्रपती संभाजीनगरात मात्र हा शब्द जरा थांबून उच्चारावा लागतो. येथील घर, शेत आणि कारखाना या तिघांचीही तहान एकाच तलावावर भागते, आणि तो तलाव गेल्या काही वर्षांत डोळ्यांदेखत आटलेला या शहराने पाहिला आहे.

एक सागर, तीन वाटेकरी

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. संत एकनाथांच्या नावाने हा जलाशय नाथसागर म्हणून ओळखला जातो. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसींहून अधिक आहे. त्यांपैकी उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर. उरलेला भाग मृतसाठा, तो दरवाजांतून कालव्यात येत नाही. एकट्या डाव्या कालव्याखाली सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर शेती भिजावी, अशी मूळ योजना होती.

आकडे मोठे आहेत. परंतु धरण उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरते. एवढ्या पृष्ठभागावरून केवळ एक सेंटीमीटर पाणी उडाले तरी ३५ लाख घनमीटरांची घट येते. व्यापाराच्या भाषेत बोलावयाचे तर हा माल गोदामात नुसता पडून राहिला तरी त्याची तूट होत असते. शिवाय हा माल आपल्या हातचाही नाही. नाशिक व अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि पुढे मेंढेगिरी समितीने जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांची रेषा आखली, तेव्हा कोठे त्याला नियमाचे रूप मिळाले.

शहराने या सागरातून पाणी आणण्यास १९७५ च्या सुमारास आरंभ केला. त्याआधी शतकानुशतके येथील व्यवस्था निराळी होती. १६१० मध्ये खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसविणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरींनी उताराच्या बळावर शहरात आणले. पाणचक्की आजही त्या विद्येची साक्ष देते. आजचे पाणी उलट दिशेने येते. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर शहर त्याहून शंभर मीटर उंच. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यास, यंत्राची व नळाच्या घर्षणाची घट सोडूनही, पाव युनिटाहून अधिक वीज लागते. डिसेंबर २०२० मध्ये नव्या, मोठ्या जलवाहिनीच्या योजनेचे भूमिपूजन झाले. नळ जाड झाला म्हणजे पाणी अधिक येईल. पण तलाव मात्र तोच राहील.

२०१६ चा उन्हाळा

त्या वर्षी सलग दोन कमी पावसांनंतर नाथसागराचा उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यावर तहान भागविण्याची वेळ आली. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. शेताला पाणी नाही, घराला कित्येक दिवसांनी एकदा, आणि औद्योगिक वसाहतीत मद्यनिर्मिती चालू, हे चित्र न्यायालयापुढे आले. उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के व नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांच्या पाण्यालाही कात्री लागली.

व्यापारी कुटुंबांना या उन्हाळ्याची आठवण आणखी एका मार्गाने आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व संभाजीनगर जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या होत्या, त्यांतून शेतकरी सावरतो न सावरतो तोच हा दुसरा आघात आला. मोसंबीची बाग उभी करण्यास वर्षे लागतात आणि वाळण्यास एक उन्हाळा पुरतो. बी-बियाणे व खते उधारीवर देणाऱ्या दुकानाच्या खतावणीत ती वाळलेली बागच ‘येणे बाकी’ म्हणून उतरते. बाजार समितीत आवक नाही, कापडाच्या दुकानात लग्नसराईची गर्दी नाही, जिनिंगला कापूस नाही. कालवा बंद झाला की चार-सहा महिन्यांत गल्ला कोरडा पडतो. म्हणून पाण्याचा प्रश्न हा शेतकऱ्यावर दया करण्याचा विषय नाही. तो व्यापाऱ्याच्या मुद्दलाचा विषय आहे.

संशोधन काय सांगते?

या शहरात पाण्याच्या अभ्यासाची परंपरा आहे. पैठण मार्गावर कांचनवाडी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच वाल्मी, सिंचन अधिकारी व पाणी वापर संस्थांच्या शेतकऱ्यांना पाणी मोजून वापरण्याचे शिक्षण देत आली आहे. पाण्याच्या क्षेत्रातील जागतिक मानाचे स्टॉकहोम जल पारितोषिक १९९३ मध्ये मिळविणारे डॉ. माधवराव चितळे यांनी निवृत्तीनंतर याच शहरात राहून काम केले. त्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल व सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल पीकरचनेला नदीच्या उपखोऱ्यातील उपलब्ध पाण्याची मर्यादा असावी, हा विचार ठामपणे मांडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने रुंद वरंबा-सरी पद्धत रुजविली. तीत सरीमध्ये पावसाचे पाणी मुरते आणि अतिवृष्टीत तीच सरी जादा पाणी बाहेर काढते. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात तर गावाचा पाण्याचा ताळेबंदच मांडला गेला. पाऊस किती, जमिनीत मुरले किती, वाहून गेले किती, पिकांनी प्यायले किती, हे गणित मुंबईच्या आयआयटीच्या अभ्यासकांनी बसवून दिले. जमा आणि नावे या दोन बाजू मांडल्यावाचून शिल्लक कळत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. शेतीला ते आता कोठे सांगितले जात आहे.

या संशोधनात समाजाला अभिमान वाटावा असे एक नाव आहे. राजस्थानातील आगोलाई येथून १८८७ मध्ये अन्न-पाण्याच्या शोधात निघालेले एक जैन कुटुंब अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे वाकोद येथे स्थिरावले. त्या घरात १२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विक्रीचा व्यवसाय आरंभिला. पुढे प्लॅस्टिकचे नळ आणि मग ठिबक सिंचन असा प्रवास करीत त्यांनी जळगावला ठिबकचे जगभर ओळखले जाणारे केंद्र बनविले. मुळाशी थेंब थेंब पाणी दिले असता पिकानुसार पाण्यात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बचत होते आणि उत्पन्नही वाढते, हे त्यांनी लहान शेतकऱ्याच्या बांधावर सिद्ध केले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी, मराठवाडा तहानेने व्याकुळ असताना, त्यांचे निधन झाले.

येथवर सारे सुखाचे आहे. अडचण यापुढे आहे. जगभरच्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली आहे. ठिबकाने एका एकराचे पाणी वाचते खरे. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी दुसरा एकर भिजवितो, किंवा कमी पाण्याचे पीक सोडून जास्त पाण्याचे पीक घेतो. विहिरीची पातळी होती तेथेच राहते, कधी आणखी खाली जाते. मराठवाड्यात शेततळ्यांचेही असेच झाले. पावसाचे वाहते पाणी अडवावे म्हणून शेततळी आली. अनेक ठिकाणी प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी विहीर व बोअरच्या पाण्याने भरली जाऊ लागली. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवले गेले. साधन उत्तमच होते. पण मर्यादा कोणी ठरविली नव्हती. खर्चात काटकसर केली आणि वाचलेल्या पैशाचा सट्टा खेळला, तर वर्षाअखेर शिल्लक काय राहणार?

आनंद श्रावकाचे आठ घडे

या ठिकाणी आगमातील एका व्यापाऱ्याची आठवण होते. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा आहे. त्याचे बारा कोटी सुवर्ण होते. चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरदारात. गाईंची चार गोकुळे होती. भगवान महावीरांच्या समोर त्याने व्रते घेतली, तेव्हा संपत्ती टाकून दिली नाही. तिला मर्यादा घातली. शेतीसाठी पाचशे नांगर, त्याहून अधिक नाही. स्नानासाठी आठ घडे पाणी, त्याहून अधिक नाही. पिण्यासाठी आकाशातून पडणारे पावसाचे पाणी, इतर नाही.

आनंदाच्या घरी पाण्याची टंचाई नव्हती. म्हणूनच त्याच्या व्रताचे मोल अधिक. त्याने आधी आकडा ठरविला आणि मग व्यवहार त्यात बसविला. आजचे तंत्रज्ञान एका कामाला किती कमी पाणी लागेल, हे सांगते. एकूण किती पुरे, हे ते सांगत नाही. ते सांगण्याचे काम व्रत करते. दिगंबर परंपरेतही आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगपरिमाण व्रत आहे. त्यात काही काळापुरता घेतला तो नियम आणि जन्मभरासाठी घेतला तो यम, असा भेद केला आहे. निष्कारण जमीन खणणे, पाणी वाया घालविणे, झाडे तोडणे यांना तेथे प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात गणले आहे. पर्यावरणशास्त्र ज्याला आज शाश्वत वापर म्हणते, त्याचा आरंभ या परिमाणात आहे.

ऊस, डाळ आणि खरेदीदार

परिमाणाचा सर्वांत कठीण प्रसंग उसाचा. उसाला हेक्टरी वर्षाला ढोबळमानाने दोन कोटी लिटर पाणी लागते. माणशी दररोज १३५ लिटर या शहरी निकषाने तेवढ्या पाण्यात चारशे माणसांचे वर्ष निघते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात आठमाही पिके अभिप्रेत होती. प्रत्यक्षात ऊस पसरला. २०१७ मध्ये राज्य शासनाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तरीही ऊस हटत नाही. याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखान्याची तोड बांधावर येते, आणि गारपिटीत तो तूर-हरभऱ्याइतका उद्ध्वस्त होत नाही. कमी पाण्याच्या ज्वारी, तूर, हरभरा, मूग, करडई या पिकांना असा भरवशाचा खरेदीदार नसतो. आवक वाढली की दर पडतो.

आणि येथे प्रश्न व्यापाऱ्याच्या गादीपर्यंत येऊन पोहोचतो. मराठवाड्यातील आडत, डाळ मिल, धान्य व्यापार यांत जैन कुटुंबांचा वाटा पिढ्यान्पिढ्यांचा आहे. तुरीचा वा ज्वारीचा दर पेरणीआधी सांगणारा, वजन-मापात चोख आणि रक्कम वेळेवर देणारा एक खरेदीदार गावात उभा राहिला, तर एखादा शेतकरी तरी उसाची लागण एका एकराने कमी करील. एक हेक्टर ऊस कमी झाला तर किती पाणी वाचते, तो हिशेब वर आलाच आहे. कमी पाण्याच्या पिकाला भाव देणे, हे तलाव न आटविण्याचे व्रत व्यापाराच्या मार्गाने पाळणेच होय. कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्यानेही गिऱ्हाईक मागेल तितकी औषधे देण्याऐवजी लागतील तेवढीच दिली, तर विषवाणिज्याची छाया थोडी दूर राहील.

कारखाना आणि खाम

उद्योगांकडे पाहिले असता जमेची बाजू निश्चित आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींनी हजारो घरांना भाकरी दिली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ऑरिक ही नगरी शेंद्रा व बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर वसत आहे; ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेथील ऑरिक हॉलचे उद्घाटन झाले आणि सांडपाण्याचा पुनर्वापर तिच्या आराखड्यातच धरला आहे. वाळूजला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. कांचनवाडी येथील महापालिकेच्या मलनिस्सारण केंद्राची क्षमता दररोज १६ कोटी १० लाख लिटरची आहे. प्रक्रिया केलेले हे पाणी कारखान्यांचे शीतकरण, धुलाई आणि बागा यांसाठी जितके वापरले जाईल, तितके नाथसागराचे पाणी पिण्यासाठी मोकळे होईल.

या हिशेबातील एक नोंद मात्र बहुतेकांच्या ध्यानात नसते. जटवाड्याच्या डोंगरांत उगम पावणारी खाम नदी शहरातून वाहते, शहराचे व वसाहतींचे सांडपाणी अंगावर घेते आणि पुढे गोदावरीच्या त्याच जलाशयात मिळते. गटारात सोडलेली नावेची बाजू फिरून जमेच्या हंड्यात येते. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक उद्योगसमूह यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. काठावरचा कचरा काढला गेला, पात्र मोकळे झाले, झाडे लागली. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्यावर हेच शहर महिनोन्महिने कचऱ्यात बुडाले होते. आपला उकिरडा दुसऱ्याच्या दारात असू शकत नाही, हा धडा तेव्हा मिळाला. ज्या श्रावकाचा कारखाना आहे, त्याच्या दृष्टीने प्रक्रिया केंद्र तपासणी अधिकारी येणार त्या दिवशी चालते की रोज रात्रीही चालते, हाच अहिंसेचा खरा प्रश्न आहे. वीज बिल वाचविण्यासाठी बंद ठेवलेला पंप दंडाच्या पावतीत दिसणार नाही. पण अप्कायिक जीवांच्या हिशेबात तो दिसतोच.

छपरावरचे आकाशजल

राहता राहिले घर. मारवाडातून आलेल्या कुटुंबांच्या मूळ गावी घराघरांत टांके असे. छपराचे व अंगणाचे पावसाचे पाणी त्यात उतरे, ते गाळून पुरवून वापरले जाई. दक्षिणेत आल्यावर विहीर मिळाली, नंतर नळ मिळाला आणि टांके विस्मृतीत गेले. आता टँकर आला आहे. शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर पडणाऱ्या पावसातून पाचवा हिस्सा घट धरली, तरी सुमारे ५० हजार लिटर पाणी हाती लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास वर्षभरात लागते त्याच्या कितीतरी पट ते आहे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून बंद टाकीत घ्यावे आणि जादा पाणी बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात मुरवावे, एवढेच तंत्र आहे.

स्थानके, मंदिरे, धर्मशाळा, मंगल कार्यालये आणि व्यापारी गोदामे यांची छपरे घरांहून कितीतरी मोठी. समाजाने सामुदायिक कामाचा अनुभवही घेतला आहे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापिलेल्या भारतीय जैन संघटनेने २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांतला गाळ काढला आणि २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहीम उभी केली. तलावाची साठवण वाढली आणि निघालेल्या गाळाने शेते कसदार झाली. जे हात दुसऱ्या जिल्ह्यातील तलाव खोल करू शकतात, त्यांना आपल्या स्थानकाचे छप्पर जोडणे अवघड नाही.

दिवाळीला वह्या पूजल्या जातात. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि जुनी शिल्लक पुढे ओढली जाते. तोवर पावसाळा संपलेला असतो आणि नाथसागरात किती पाणी आले, हेही ठरून गेलेले असते. त्याच दिवशी नव्या वहीत आणखी एक पान राखून ठेवता येईल. त्यावर घराचा, दुकानाचा, कारखान्याचा गेल्या वर्षीचा पाण्याचा वापर लिहावा आणि त्याखाली येत्या वर्षाचा आकडा नियम म्हणून लिहावा. आनंद श्रावकाने आठ घडे ठरविले होते. ज्याचे घडे अधिक लागतात, त्याने अधिक लिहावेत. पण आकडा मात्र लिहावा.